हसू लिहिणारे दोघे

मंडळी, दिवसभराची कामे उरकून संध्याकाळी आपण टीव्हीपुढे बसतो. पडद्यावर एखादा माणूस काहीतरी बोलतो आणि घरातली सगळी हसतात. म्हातारी हसते, पोरे हसतात, चुलीपाशी बसलेली सूनबाईही पदराआड हसते. हसून झाले की आपण नटाचे कौतुक करतो. "काय बोलला बघा!" असे म्हणतो.

पण ते बोलणे त्या नटाच्या तोंडी घातले कुणी?

आपल्या तमाशातला सोंगाड्या पुष्कळदा उभ्या उभ्या बोलणे जुळवतो. समोर जसे लोक, तशी त्याची बतावणी. टीव्हीवर तसे चालत नाही. तिथे अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. नट, कॅमेरा चालवणारा, दिवे लावणारा, सगळ्यांच्या हातात आधी लिहिलेला कागद लागतो. म्हणजे सगळ्यांच्या आधी कुणीतरी एका खोलीत बसून ते लिहिलेले असते. एक वाक्य लिहायचे, जमले नाही तर खोडायचे, पुन्हा लिहायचे. शेतात पीक डोलते तेव्हा पेरणारा दिसत नाही. तसाच हा लिहिणारा कधी दिसत नाही.

आज आपण असे लिहिणाऱ्या दोघांची हकिगत वाचू. ते दोघे इंग्लंड देशातले. एकाचे नाव रे गाल्टन, दुसऱ्याचे अ‍ॅलन सिम्प्सन.

दोन खाटा

अ‍ॅलनचा जन्म १९२९ सालचा, रेचा १९३० सालचा. दोघेही लंडन शहरातल्या साध्या घरातले. दोघेही उंच, सहा फुटांच्या वर. कॉलेजात कुणी गेले नाही. अ‍ॅलन माल जहाजाने पाठवणाऱ्या एका कचेरीत कारकून होता. रे कामगारांच्या संघटनेच्या कचेरीत काम करी. लहानपणी दोघांनी महायुद्ध पाहिले होते. युद्ध संपले, आता कुठे बरे दिवस येतील असे वाटले, तोच दोघांनाही क्षयाने गाठले.

क्षय म्हणजे टी. बी. त्या काळी या रोगाचे नाव काढले की घरात रडारड होई. औषधे नुकतीच कुठे निघू लागली होती. अ‍ॅलनचा आजार तर इतका वाढला होता, की एकदा धर्मगुरूंनी त्याच्या उशाशी येऊन मरणाच्या वेळची प्रार्थनाही म्हटली. तेव्हा त्याला विशीसुद्धा लागली नव्हती.

लंडनच्या बाहेर सरे परगण्यात मिलफर्ड नावाचे आरोग्यधाम होते. आरोग्यधाम म्हणजे क्षयाच्या रोग्यांना महिनोन् महिने ठेवण्याचा दवाखाना. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला असे आरोग्यधाम होते, हे जुन्या माणसांना आठवत असेल. तिथे मुख्य उपाय म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि चांगले अन्न. खाटेवर पडून राहायचे. फिरायचे नाही, काम करायचे नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला ही शिक्षाच की!

रे तिथे आधीपासून होता. १९४८ साली अ‍ॅलन आला. तिथे दोघांची गाठ पडली आणि गट्टी जमली. दोघांनाही वाचायचा नाद होता आणि दोघांनाही रेडिओवरच्या विनोदाच्या कार्यक्रमांचे वेड होते. ते नुसते ऐकून हसत नसत. कार्यक्रम संपला की दोघांचे बोलणे सुरू होई. अमुक ठिकाणी आपण का हसलो? तमुक गंमत का फसली? नट बोलायच्या आधी जरा थांबला, म्हणून जास्त हसू आले का? चांगला सुतार दुसऱ्याने केलेला पलंग पाहताना खिळा कुठे मारला, जोड कसा बसवला ते पाहतो. हे दोघे तसे ऐकत होते. त्यांची शाळा ती हीच.

त्या आरोग्यधामात रोग्यांनीच चालवलेला एक छोटा रेडिओ होता. रोग्यांच्या खाटांजवळ कानाला लावायची यंत्रे होती, त्यांतून तो ऐकू येई. १९४९ साली या दोघांनी त्यासाठी गमतीचे छोटे कार्यक्रम लिहिले. विषय कोणता? तर आरोग्यधामातलेच जगणे. डॉक्टर, परिचारिका, खाटा आणि खोकला. सहा कार्यक्रम लिहायचे ठरले होते, पण चार लिहून झाले आणि यांचे सगळे विनोद आटले!

ऐकणारे कोण होते? तेच रोगी. ज्यांना रात्री झोप येत नव्हती, जे घरच्या पत्राची वाट पाहत होते, ते आपल्याच दुखण्यावर हसले. मंडळी, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

(इथे एक सांगून ठेवतो. आज क्षयाला भ्यायचे कारण नाही. तो औषधाने बरा होतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला, तर सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्यावे. तपासणीला आणि औषधाला पैसे पडत नाहीत. औषध मात्र मध्येच सोडू नये.)

एक पत्र

दोघे बरे होऊन घरी आले. आता पुढे काय? त्यांना लिहायचे होते. पण लेखक कसे व्हायचे, हे विचारायचे कुणाला? घराण्यात कुणी लेखक नाही, ओळखपाळख नाही.

त्या वेळी इंग्लंडात फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन या दोन लेखकांचे मोठे नाव होते. रेडिओवरचा त्यांचा विनोदी कार्यक्रम घरोघर ऐकला जाई. या दोघा पोरांनी त्यांना एक पत्र लिहिले. आम्हाला विनोद लिहायचा आहे, कसे करावे, असे विचारले.

त्या मोठ्या लेखकांनी पत्र टाकून दिले नाही. उत्तर पाठवले. बीबीसीमध्ये अमुक साहेब लिखाण तपासतात, त्यांच्याकडे तुमचे लिखाण पाठवा, असा रस्ता दाखवला. बीबीसी म्हणजे तिकडची रेडिओ आणि टीव्ही चालवणारी मोठी संस्था. दोघांनी लिखाण पाठवले. साहेबांना ते आवडले. बोलावणे आले. लवकरच, म्हणजे १९५१ साली, रेडिओवरच्या एका नटासाठी विनोद लिहायचे काम मिळाले. एका विनोदाला पाच शिलिंग. मजुरी फार नव्हती, पण कामाला सुरुवात झाली.

आपण नुकते लिहाय-वाचायला शिकलो आहोत. कुणी म्हणेल, या वयात शिकून काय मिळवायचे? त्याला ही हकिगत सांगा. ज्याला पत्र लिहिता येते, त्याला अनोळखी माणसाचेही दार वाजवता येते. दार उघडेलच असे नाही. पण ज्याने वाजवलेच नाही, त्याच्यासाठी ते कोण उघडणार?

साध्या माणसाची गंमत

१९५१ सालीच त्यांची ओळख टोनी हॅन्कॉक नावाच्या नटाशी झाली. पुढे दहा वर्षे ते त्याच्यासाठी लिहीत राहिले. २ नोव्हेंबर १९५४ रोजी 'हॅन्कॉकचा अर्धा तास' हा कार्यक्रम रेडिओवर सुरू झाला. १९५६ साली तो टीव्हीवरही आला.

त्याआधीचे विनोदी कार्यक्रम कसे असत? एक चुटका, मग गाणे, मग दुसरा चुटका. या दोघांनी ठरवले, की आपण अर्धा तास एकच गोष्ट सांगायची. मधे गाणे नाही. हसू चुटक्यातून यायला नको, माणसाच्या स्वभावातून यावे.

हॅन्कॉकचे पात्र असे होते : स्वतःला फार शहाणा समजणारा, मोठेपणाच्या गप्पा मारणारा, पण वेळ आली की गडबडणारा. असा माणूस कुठल्या गावात नाही? १९५८ साली त्यांनी एक कार्यक्रम लिहिला. त्यात काहीच घडत नाही. रविवारची दुपार आहे, पाऊस आहे, करायला काम नाही आणि घरातली माणसे कंटाळली आहेत. एवढेच. पण ऐकणारे पोट धरधरून हसले. कारण तो कंटाळा प्रत्येकाच्या घरचा होता.

१९६१ सालचा त्यांचा 'रक्तदाता' नावाचा भाग फार गाजला. त्यात हॅन्कॉक मोठ्या ऐटीत रक्त द्यायला जातो. तपासणीसाठी बोटातून थेंबभर रक्त घेतात. त्याला वाटते, झाले आपले दान. तो उठून निघू लागतो. मग कळते, की बाटलीभर रक्त द्यायचे आहे. झाले! दानशूराची गाळण उडते. कसेबसे एकदाचे रक्त देतो. पण गोष्ट इथे संपत नाही. शेवटी घरी सुरीने त्याचेच बोट कापते, रक्त भरावे लागते, आणि त्याने दिलेले रक्त त्यालाच परत मिळते.

बघा, यात कुणाची जात काढली नाही, कुणाच्या व्यंगावर बोट ठेवले नाही. चांगले काम करायला निघालेल्या माणसाची भीती तेवढी दाखवली. ती भीती आपल्याही पोटात असते. म्हणून हसू येते.

त्याच वर्षी हॅन्कॉकने या दोघांची साथ सोडली. दहा वर्षांची जोडी फुटली. रे आणि अ‍ॅलन यांना वाटले असेल, आता आपले कसे होणार? पण याच अडचणीतून त्यांचे सर्वांत मोठे काम उभे राहिले.

भंगारवाला बाप आणि त्याचा लेक

बीबीसीने त्यांना सांगितले, दहा निरनिराळ्या गोष्टी लिहा, हव्या तशा लिहा. त्यातली एक गोष्ट ५ जानेवारी १९६२ रोजी टीव्हीवर दाखवली. गोष्ट होती भंगारवाल्यांची.

लंडनमध्ये त्या काळी घोडागाडी घेऊन भंगारवाले गल्लोगल्ली फिरत. जुने कपडे, लोखंड, हाडे, मोडके सामान गोळा करून विकत. गोष्टीतला बाप म्हातारा अल्बर्ट स्टेप्टो. त्याचा लेक हॅरल्ड, चाळिशीला आलेला, लग्न न झालेला. बाप गबाळा, हट्टी आणि भारी चलाख. एका भागात तो टपात बसून अंघोळ करतो आहे आणि तिथेच मुरवलेले कांदे खातो आहे. एक कांदा पाण्यात पडतो. म्हातारा तो शोधून काढतो आणि परत बरणीत टाकतो! लेकाला हे सगळे नकोसे वाटते. त्याला पुस्तके वाचायची आहेत, चांगले संगीत ऐकायचे आहे, चार सुधारलेल्या माणसांत बसायचे आहे.

पहिल्या गोष्टीत काय होते ते सांगतो. लेक म्हणतो, मला दुसरीकडे काम मिळते आहे, मी चाललो. आपले सामान, म्हणजे पुस्तके, जुन्या वस्तू, तो हातगाडीसारखा गाडीवर रचतो. बाप म्हणतो, जायचे तर जा, पण घोडा माझा आहे, तो मिळणार नाही. लेक म्हणतो, नको तुझा घोडा, मी गाडी स्वतः ओढतो. तो गाडीला खांदा लावतो आणि जोर करतो. गाडी हलत नाही. पुन्हा जोर करतो. गाडी तसूभर हलत नाही. मग तो मोठा बाप्या त्या गाडीला धरून रडू लागतो. बाप जवळ येतो. त्याला धरून हळूहळू घरात नेतो, चहा घ्यायला.

विनोदी कार्यक्रम, आणि शेवटी रडणे! असे तोवर कुणी फारसे केले नव्हते. म्हणूनच या कामासाठी त्यांनी हसवणारे नट घेतले नाहीत, नाटकात मुरलेले नट घेतले. बापाचे काम विल्फ्रिड ब्रँबेल याने केले, लेकाचे हॅरी कॉर्बेट याने. गंमत अशी, की बाप झालेला नट तेव्हा ४९ वर्षांचा होता आणि लेक झालेला ३६ वर्षांचा. दोघांत १३ वर्षांचेच अंतर! पण पाहणाऱ्याला ते खरे बाप-लेक वाटत.

लोकांना ही गोष्ट इतकी आवडली, की बीबीसीने तिची मालिका करायला सांगितली. ७ जून १९६२ रोजी 'स्टेप्टो आणि पुत्र' ही मालिका सुरू झाली. मधे काही वर्षे बंद राहिली, पण १९७४ सालापर्यंत ती नवी नवी येत राहिली. एकेका भागाला दोन कोटींहून जास्त माणसे पाहायला बसत. १९६४ सालच्या १५ ऑक्टोबरला इंग्लंडात मतदान होते आणि त्याच संध्याकाळी हा कार्यक्रम लागणार होता. मजूर पक्षाचे पुढारी हॅरल्ड विल्सन यांना काळजी पडली. कामकरी माणसे कामावरून येतील आणि टीव्हीपुढे बसतील, मग मताला जाणार कोण? त्यांनी बीबीसीला विनंती केली, की कार्यक्रम पुढे ढकला. बीबीसीने वेळ बदलली. विल्सन यांचा पक्ष अवघ्या चार जागांच्या बहुमताने निवडून आला!

पुढे ही गोष्ट परदेशांतही गेली. हॉलंड आणि स्वीडनने आपापल्या भाषांत तशी मालिका केली. अमेरिकेत १९७२ ते १९७७ या काळात तीच गोष्ट एका काळ्या बाप-लेकाची म्हणून दाखवली गेली. तीही तिथे फार गाजली. देश बदलला, भाषा बदलली, बाप-लेकाचे भांडण मात्र तेच राहिले.

हसू येते कुठून

१९७२ सालच्या एका भागात लेक कंटाळून घराची वाटणी करतो. मधे भिंत घालतो. येण्याजाण्याच्या वाटेवर फिरते फाटक बसवतो. टीव्ही एकच, तो बरोबर मधोमध. मग आज कोणता कार्यक्रम लावायचा, यावरून भांडण! वाटणीने घर सुखी होते का? रात्री आग लागते आणि दोघेही दवाखान्यात जातात. खाटा कशा मिळतात? शेजारी शेजारी!

मंडळी, वाटणी आपण पाहिली आहे. अंगणात मधे घातलेला कूड पाहिला आहे. एका चुलीच्या दोन चुली झालेल्या पाहिल्या आहेत. ज्याच्या घरी हे होते त्याला तेव्हा हसू येत नाही. पण टीव्हीवर ते पाहताना हसू येते, आणि हसता हसता मनात कुठेतरी टोचते : "अरे, हे तर आपलेच!" आपले भांडण आपल्याला लांबून दिसते. लांबून पाहिले की राग जरा उतरतो.

आरोग्यधामातले रोगी आपल्याच खोकल्यावर हसले होते, ते आठवते ना? हे तेच. रे आणि अ‍ॅलन जे त्या खाटांवर शिकले, तेच त्यांनी जन्मभर लिहिले. त्यांनी गरीब भंगारवाल्याला खिजवले नाही. त्याच्या जवळ जाऊन बसले, त्याचे ऐकले आणि लिहिले.

लिहायची त्यांची रीतही सांगतो. दोघे एका खोलीत बसत. अ‍ॅलन टंकयंत्रापुढे, म्हणजे टाइपरायटरपुढे. रे त्याच खोलीत. एकाने वाक्य सुचवायचे. दुसऱ्याला पटले तरच ते कागदावर उतरे. पटले नाही तर दोघे गप्प. कधी कधी बराच वेळ खोलीत शब्द नसे. "मी म्हणतो तेच खरे" असा हट्ट नाही. दोघांचे जमेल ते लिहायचे. भागीदारीत विहीर काढणाऱ्यांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९७८ साली अ‍ॅलनने लिहिणे थांबवले. रे दुसऱ्या लेखकांबरोबर लिहीत राहिला. पण दोघांची दोस्ती तुटली नाही. २००० साली सरकारने दोघांचा बरोबरच सन्मान केला. २०१७ साली अ‍ॅलन वारला, तेव्हा तो ८७ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी, २०१८ साली, रे ८८ वर्षांचा होऊन गेला. ज्याच्या उशाशी विशीच्या आत मरणाची प्रार्थना म्हटली गेली, तो पुढे सुमारे सत्तर वर्षे जगला आणि त्याने कोट्यवधी माणसांना हसवले.

म्हणून मंडळी, आता टीव्हीवर हसू आले की दोन गोष्टी करा. एक म्हणजे शेवटी पडद्यावर नावे येतात, त्यांत लेखकाचे नाव शोधा. आता तुम्हाला वाचता येते. आणि दुसरी म्हणजे स्वतःला विचारा, की आपण हसलो ते कुणाला हिणवले म्हणून, की आपलेच काही त्यात दिसले म्हणून?

आपसांत बोला

१. रे आणि अ‍ॅलन यांची गाठ कुठे पडली? तिथे ते काय शिकले?

२. त्यांनी मोठ्या लेखकांना पत्र लिहिले नसते, तर काय झाले असते?

३. हॅरल्डची गाडी का हलली नाही? नुसत्या ओझ्यामुळे, की आणखी कशामुळे?

४. तुमच्या घरात घडलेली एखादी गोष्ट आठवा. तेव्हा राग आला होता, पण आता हसू येते. ती पाच ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.